पगारातून उभा राहिलेला कलासंग्रह

(चित्रे विकत घेणे हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी आपली पक्की समजूत असते. एका टपाल कारकुनाने आणि त्यांच्या ग्रंथपाल पत्नीने ही समजूत आपल्या आयुष्याने खोडून काढली. एका वसंत व्याख्यानमालेत ‘सामान्य माणूस आणि कला’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. – संपादक)



‘सामान्य माणूस आणि कला’ या विषयावर बोलणारा वक्ता बहुधा एवढेच सांगून थांबतो की सामान्य माणसाने प्रदर्शने पाहावीत, मुलांना संग्रहालयात न्यावे, अभिरुची वाढवावी. हे सारे योग्यच आहे. परंतु आज मला एक पाऊल पुढे जाऊन प्रश्न विचारायचा आहे. महिन्याच्या पगारावर संसार चालवणारा माणूस कलेचा केवळ प्रेक्षक न राहता तिचा आश्रयदाता होऊ शकतो काय? आपल्याच काळात, आपल्याच आसपास काम करणाऱ्या, ज्याचे नाव अद्याप झालेले नाही अशा चित्रकाराची चित्रे त्याने विकत घ्यावीत, ती घरात जपावीत आणि त्यायोगे त्या कलावंताला उभे राहण्यास हातभार लावावा, हे त्याला शक्य आहे काय?

आपल्या मनात उमटणारे पहिले उत्तर ‘नाही’ असेच असते. घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्या आई-वडिलांचे औषधपाणी, यांतून चित्रे कोठून घेणार? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच मी उपदेश करण्याऐवजी एक उदाहरण आपल्यापुढे ठेवणार आहे. उदाहरण परदेशातील आहे. पण ज्या गुणांवर ते उभे आहे, ते गुण कोणत्याही एका देशाची मिरासदारी नाहीत.

रात्रपाळीचा कारकून

हर्बर्ट व्होगेल यांचा जन्म १९२२ साली न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत झाला. वडील रशियातून आलेले ज्यू, कपडे शिवण्याच्या धंद्यातील कष्टकरी. हर्बर्ट यांचे शालेय शिक्षणही पूर्ण झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते. परत आल्यावर त्यांनी टपाल खात्यात नोकरी धरली आणि १९७९ साली निवृत्त होईपर्यंत ती केली. काम पत्रांची वर्गवारी करण्याचे आणि तेही रात्रपाळीचे. ज्यांच्या घरात कोणी रेल्वे टपाल सेवेत किंवा सॉर्टिंगमध्ये नोकरी केली असेल, त्यांना हे काम कसे असते ते सांगायला नको. पत्ता वाचायचा, खण शोधायचा, पत्र टाकायचे आणि पुन्हा पुढचे पत्र उचलायचे.

या कारकुनाला चित्रकलेचा ध्यास लागला. दिवसा मिळालेला मोकळा वेळ त्यांनी झोपेतून कापून काढला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ललितकला संस्थेत जाऊन त्यांनी कलेच्या इतिहासाची व्याख्याने ऐकली. संग्रहालये पालथी घातली. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये सीडर टॅव्हर्न नावाचा एक गुत्ता नव्या चित्रकारांचा अड्डा म्हणून प्रसिद्ध होता. हर्बर्ट तेथे जाऊन बसत आणि कलावंतांचे वादविवाद ऐकत. आपण होऊन ते फारसे बोलत नसत. पहाणे आणि ऐकणे हीच त्यांची साधना होती. टपाल कचेरीतील बहुतेक सहकाऱ्यांना त्यांच्या या दुसऱ्या जीवनाचा पत्ताही नव्हता.

त्यांच्या पत्नी डोरोथी या १९३५ साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात जन्मल्या. वडिलांचे कागद-लेखनसाहित्याचे दुकान होते. डोरोथी यांनी ग्रंथालयशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले आणि ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून १९९० पर्यंत नोकरी केली. १९६२ साली दोघांचा विवाह झाला. लग्नानंतर नवदांपत्य वॉशिंग्टनला गेले आणि तेथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये हर्बर्ट यांनी पत्नीला चित्रे कशी पहावीत याचे पहिले धडे दिले. या राष्ट्रीय कलादालनाचे नाव लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा येणार आहे.

सुरुवातीस दोघेही स्वतः चित्रे काढत. चित्रकलेच्या वर्गालाही जात. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की घराच्या भिंतींवर आपल्या चित्रांपेक्षा इतरांची चित्रे अधिक शोभतात. मग स्वतःची चित्रे उतरवली गेली आणि त्या जागी इतर कलावंतांची लागली. आपल्यातील गुण कोणता आणि आपल्यात नसलेला कोणता, हे ओळखण्यास मोठी विनम्रता लागते. ‘मी चित्रकार होऊ शकलो नाही’ अशी खंत बाळगत बसण्याऐवजी त्यांनी उत्तम रसिक होणे पत्करले.

दोन पगारांची वाटणी

आता खरा प्रश्न पैशाचा. या दांपत्याने संसाराची मांडणीच अशी केली की डोरोथी यांच्या पगारात घर चालायचे, म्हणजे भाडे, जेवणखाण, वीज, औषधे. आणि हर्बर्ट यांचा पगार कलाकृतींसाठी राहायचा. टपाल खात्यातील त्यांची सर्वोच्च मिळकत वर्षाला सुमारे २३,००० डॉलर होती. न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात हा पगार साध्या कनिष्ठ कर्मचाऱ्याचाच होय.

त्यांचे घर मॅनहॅटनमध्ये होते, पण ते भाडे नियंत्रणाखाली असलेले, एका शयनगृहाचे, सुमारे साडेचारशे चौरस फुटांचे. आपल्या मुंबईतील पागडीच्या जागेत राहणाऱ्यांना त्याची कल्पना सहज येईल. मोटार नाही, थाटाच्या सहली नाहीत, उंची कपडे नाहीत. मुले नव्हती; मात्र घरात मांजरे होती, कासवे होती, माशांच्या टाक्या होत्या.

मित्रहो, येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. दोन पगार आणि मुलांची जबाबदारी नाही, हा त्यांच्या बाजूचा योग होता. ज्याच्या एका पगारावर पाच माणसे अवलंबून आहेत, त्याने अर्धे उत्पन्न चित्रांवर खर्च करावे असे कोणीही सांगणार नाही. परंतु दोन पगार असलेली घरे आज आपल्याकडेही थोडी नाहीत. त्या घरांत येणारा जादा पैसा कोठे जातो, हे आपण आपल्याशीच पडताळून पहावे. व्होगेल दांपत्याजवळ पैसा अधिक होता असे नाही. पैसा कशासाठी, हे त्यांनी आधी ठरवले होते, एवढेच.

तीन नियम

त्यांचे खरेदीचे नियम अगदी साधे होते. पहिला नियम, वस्तू आपल्या पगारात परवडली पाहिजे. दुसरा, ती भुयारी रेल्वेतून हातात धरून किंवा फार तर टॅक्सीत घालून घरी आणता आली पाहिजे. तिसरा, ती आपल्या घरात मावली पाहिजे.

गृहिणी बाजाराला जाताना जो विचार करते, तोच हा विचार आहे. पण या तीन नियमांचा एक मोठा परिणाम झाला. मोठमोठ्या तैलचित्रांऐवजी त्यांच्या संग्रहात लहान आकाराची कामे आली. कागदावरची रेखाटने, कच्चे आराखडे, छोटी जलरंगचित्रे, हातभर शिल्पे. आता चित्रकाराचे पूर्ण झालेले काम म्हणजे त्याच्या विचाराचा शेवट असतो. त्याचा विचार कसा सुरू झाला, कोठे अडला, कोठे वळला, हे दिसते ते त्याच्या रेखाटनांत. कित्येक कलावंतांच्या बाबतीत त्यांची अनेक वर्षांची कामे क्रमाने या घरात जमा होत गेली. धनिकांनी त्या कलावंतांची भव्य चित्रे घेतली असतील. त्यांच्या मनाची रोजनिशी मात्र या कारकुनाच्या पलंगाखाली होती.

लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे जॉन चेंबरलेन या शिल्पकाराचे चेपलेल्या धातूचे लहानसे शिल्प. १९६५ साली त्यांनी सोल लेविट या तरुण कलावंताचे काम घेतले. लेविट यांच्या कामाला तेव्हा गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतेच. ज्याला पुढे मिनिमल आणि संकल्पनात्मक कला म्हणून ओळख मिळाली, त्या प्रवाहाचे ते दिवस होते. लोकांना ती कला कळत नव्हती, धनवंतांना ती दिवाणखान्यात नको होती, म्हणूनच ती स्वस्त होती. डोनाल्ड जड, कार्ल आंद्रे, रिचर्ड टटल, रॉबर्ट मॅन्गोल्ड, लिंडा बेंग्लिस ही नावे आज कलेच्या इतिहासात आहेत. व्होगेल त्यांच्याकडे गेले तेव्हा ती नावे घरभाड्याच्या विवंचनेत होती.

कलावंताच्या दारात

त्यांची पद्धत अशी. दालनात जाऊन भिंतीवर टांगलेले एखादे चित्र निवडून ते परतत नसत. कलावंताच्या कार्यशाळेत जात, तासन्‌तास बसत, आधीचे काम पहात, बाजूला टाकलेले कागदही पहात. त्याच्याशी मैत्री करत. एकदा नाही, वर्षानुवर्षे जात. एकरकमी पैसे देणे जमत नसे तेव्हा हप्त्याहप्त्याने देत, पण देत.

क्रिस्तो आणि त्यांच्या पत्नी जान-क्लोद यांच्याशी त्यांची ओळख झाली त्याची हकीकत मोठी बोलकी आहे. हे दांपत्य प्रचंड आकाराच्या कलाकृती करणारे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका दरीच्या आरपार नारिंगी कापडाचा अवाढव्य पडदा टांगण्याची त्यांची योजना चालू होती. व्होगेल संग्राहक आहेत हे कानावर आल्यामुळे, आता आपले थकलेले भाडे भागणार, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात समोर आले ते त्यांच्याच इतके बेताच्या परिस्थितीचे पती-पत्नी! किमती त्यांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. अखेर तोडगा निघाला. कलावंत दांपत्य कोलोरॅडोला कामासाठी जाईल तेव्हा त्यांची मांजर व्होगेल यांनी सांभाळायची आणि त्याच्या मोबदल्यात दरीच्या पडद्याचे एक संकल्पचित्र त्यांना मिळायचे. हा व्यवहार १९७१ मधला. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तो पडदा दरीवर चढला आणि अवघ्या २८ तासांत वादळी वाऱ्यामुळे उतरवावा लागला. पडदा गेला, संकल्पचित्र राहिले.

या व्यवहारात हसण्यासारखे काही नाही. आपल्या गावगाड्यातही कारागिराचा मोबदला प्रत्येक वेळी नाण्यांतच दिला जात नसे. पैशाची उणीव माणूस सेवेने, वेळेने आणि विश्वासाने भरून काढू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

‘याला कला म्हणायचे?’

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात घोळत असलेला प्रश्न घेतो. चेपलेला पत्रा म्हणजे शिल्प? या संग्रहात रिचर्ड टटल यांची १९७४ ची एक कृती आहे. भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेला, बोटभर लांबीचा दोरीचा तुकडा. ते पाहून कोणाही समंजस माणसाच्या तोंडून ‘याला कला म्हणायचे?’ असा उद्गार निघेल.

त्या कलेचा वकील म्हणून मी येथे उभा नाही. आपल्याला ती आवडलीच पाहिजे असेही नाही. व्होगेल यांच्या काळच्या बहुसंख्य अमेरिकनांनाही ती आवडत नव्हती. परंतु दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक, मोठ्या पांढऱ्या भिंतीवर तो दोरीचा तुकडा ठोकला की ती सारी भिंत त्याच्या भोवती गोळा होते, असा अनुभव पाहणारे सांगतात. थोडक्यात खूप सांगणे ही कल्पना आपल्याला परकी नसावी. सूत्रग्रंथांची परंपरा आपलीच आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. व्होगेल दांपत्याने लोक काय म्हणतात यावर निवड केली नाही आणि उद्या भाव काय येईल यावरही केली नाही. त्यांनी वीस-वीस वर्षे पाहून पाहून डोळा तयार केला आणि त्या डोळ्यावर विश्वास ठेवला. आपली निवड वेगळी असेल. ती भूचित्राची असेल, व्यक्तिचित्राची असेल, वारली रेषेची असेल. पण ती आपल्या डोळ्याने केलेली असावी, दुकानदाराच्या किंवा वर्तमानपत्रातील लिलावाच्या बातमीच्या सांगण्याने नव्हे.

विकले मात्र काहीच नाही

वर्षे लोटली. भिंती भरल्या, मग छत, मग न्हाणीघर. कपाटांत कपड्यांऐवजी चित्रे गेली. पलंगाखाली गठ्ठे रचले गेले. एकदा माशांच्या टाकीतील पाणी उडून अँडी वॉरहॉल यांच्या एका चित्राला इजा झाली आणि ते दुरुस्त करून घ्यावे लागले. एव्हाना ज्यांना कोणी विचारत नव्हते ते कलावंत जगप्रसिद्ध झाले होते. त्यांच्या एकेका कामाची किंमत अशी झाली होती की त्यांतील थोडी जरी विकली असती तरी हे दांपत्य प्रशस्त घरात राहायला गेले असते. निवृत्त टपाल कारकुनाला तो मोह झाला असता तर त्याला कोणी नावे ठेवली नसती.

त्यांनी एकही कृती विकली नाही.

१९९२ साली त्यांनी आपला संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाकडे सोपवण्याचे ठरवले. हे तेच कलादालन, जेथे तीस वर्षांपूर्वी डोरोथी यांनी चित्रे पाहण्याचे पहिले धडे घेतले होते. निवडीची कारणे लक्षात घेण्यासारखी आहेत. त्या कलादालनात प्रवेशाला तिकीट नाही. कोणीही गरीब माणूस आत जाऊ शकतो. आणि ते कलादालन आपल्याकडील वस्तू विकत नाही. आयुष्यभर दोघेही सरकारी किंवा सार्वजनिक सेवेत होते. पगार जनतेच्या पैशातून आला, तेव्हा संग्रह जनतेकडे परत जावा, ही त्यांची भावना होती.

त्या एका शयनगृहाच्या बिऱ्हाडातून सामान नेण्यासाठी पाच मोठे ट्रक लागले. आणि पुढे काय झाले? कलादालनाने म्हातारपणाची तरतूद म्हणून त्यांना एक लहानसे वर्षासन बांधून दिले. त्या पैशातून या दोघांनी पुन्हा चित्रे घ्यायला सुरुवात केली! रिकामे झालेले घर पुन्हा भरले. अखेरीस संग्रहाची एकूण संख्या ४,७०० च्या पुढे गेली.

एवढा संग्रह एका कलादालनालाही पेलणारा नव्हता. तेव्हा २००८ साली ‘पन्नास राज्यांसाठी पन्नास कृती’ अशी योजना आखण्यात आली. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यातील एका संस्थेला पन्नास, अशा एकूण २,५०० कृती वाटून दिल्या गेल्या. अलास्कातील विद्यापीठाच्या संग्रहालयापासून हवाई बेटांवरील होनोलुलूपर्यंत त्या पोचल्या. ज्या लहान गावांतील विद्यार्थ्यांना न्यूयॉर्क कधी दिसले नसते, त्यांच्या दारात ती रेखाटने गेली. त्याच वर्षी मेगुमी सासाकी या जपानी दिग्दर्शिकेने ‘हर्ब अँड डोरोथी’ हा अनुबोधपट पूर्ण केला आणि हे दांपत्य जगाला माहीत झाले. हर्बर्ट यांचे २०१२ साली निधन झाले.

संग्रह या शब्दाला आपल्याकडे थोडी संशयाची छटा आहे, कारण अपरिग्रह हा आपण गुण मानतो. पण ज्या संग्रहाचा शेवट दानात होतो, तो परिग्रह उरत नाही. व्होगेल हे त्या चित्रांचे मालक म्हणून वागले नाहीत; विश्वस्त म्हणून वागले. संपत्तीचा विश्वस्त होण्यासाठी आधी श्रीमंत असावे लागते, ही समजूत या कारकुनाने खोटी ठरवली.

आपल्या मातीतील लोकाश्रय

‘ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याकडे कला राजाश्रयानेच वाढली’, असे कोणी म्हणेल. ते पूर्ण सत्य नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. त्या भव्य लेण्याचे खांब वेगवेगळ्या दात्यांनी दिलेले आहेत आणि त्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. धेनुकाकट येथील एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याने, लेण्याचे दार दान दिल्याचा लेख तेथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची ती समकालीन कलाच होती आणि अत्तराच्या दुकानातील पैसा तिच्यात गेला होता.

अलीकडच्या काळात यावे. पुण्याचे दिनकर केळकर हे चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांनी अडकित्ते, दिवे, फण्या, वज्ऱ्या, दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. बालवयात दिवंगत झालेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि अखेर तो सारा ठेवा शासनाच्या स्वाधीन केला. केळकरांनी जुन्या वस्तू जमवल्या, व्होगेल यांनी नव्या. पण दुकानाच्या गल्ल्यातून किंवा पगाराच्या पाकिटातून समाजासाठी ठेवा उभारण्याची वृत्ती एकच.

मराठी मध्यमवर्गाला चित्रांचे वावडे होते असेही नाही. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९४ पासून देवादिकांची चित्रे घराघरांत पोचवली. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे दिवाळी अंकांतून आपल्या घरी आली. कित्येक घरांत ती कापून, चौकट करून भिंतीवर लागली. छापील चित्राला आपण घरात जागा दिली. मूळ चित्राला मात्र दिली नाही.

त्याची किंमत कोणी मोजली? वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. नागपूरला जन्मलेला, गिरगावातील चाळीत वाढलेला, जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला हा मराठी-कोकणी चित्रकार. त्यांचे एक चित्र २०२१ साली लिलावात जवळपास ४० कोटी रुपयांना गेले. वर्तमानपत्रांनी बातमी ठळक छापली, आपण अभिमानाने वाचली. पण गायतोंडे २००१ सालीच गेले होते. त्या ४० कोटींचा त्यांना काय उपयोग? कलावंताला आधार हवा असतो तो कारकिर्दीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांत, जेव्हा रंगाच्या नळ्या घेऊ की खोलीचे भाडे देऊ, असा त्याच्यापुढे प्रश्न असतो. लिलावातील कोट्यधीश तेव्हा येत नाही. तेव्हा येऊ शकतो तो शेजारचा नोकरदार माणूसच.

करता येण्यासारखे

म्हणून काही व्यवहार्य गोष्टी सांगतो. पहिले वर्षभर काहीही विकत घेऊ नये; फक्त पहावे. जे.जे.चे आणि आपापल्या जिल्ह्यातील कला महाविद्यालयांचे वार्षिक प्रदर्शन असते. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विभाग असतो. मुंबईत १९५२ पासून जहांगीर कलादालन आहे, तेथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. पुण्यात बालगंधर्वचे कलादालन आहे. मुलांना बरोबर न्यावे. कलावंत तेथे बहुधा स्वतः उभा असतो, त्याच्याशी बोलावे. आपल्याला काय विचारावे कळत नाही म्हणून संकोचू नये. हर्बर्ट व्होगेल यांनीही आधी केवळ ऐकलेच होते.

नंतर घरातील सर्वांनी मिळून वर्षाकाठी एक लहान चित्र घ्यावे. रेखाटन घ्यावे, ठसाचित्र घ्यावे. ठसाचित्राच्या मोजक्या प्रती कलावंत स्वतः काढतो, त्यावर क्रमांक घालतो, सही करतो. ते अस्सल कामच असते आणि तैलचित्राहून पुष्कळ स्वस्त पडते. दर दोन वर्षांनी आपण भ्रमणध्वनी बदलतो, तेवढ्या रकमेत विद्यार्थ्याचे चांगले काम अनेकदा मिळते. किमतीत घासाघीस करण्यापेक्षा हप्ते मागावेत. पावती घ्यावी, चित्राच्या मागे कलावंताचे नाव, शीर्षक आणि वर्ष लिहून घ्यावे. आपल्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. म्हणून पावसाचा मारा असलेल्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये, थेट उन्हात ठेवू नये, चौकटीच्या काचेला कागद चिकटू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, गुंतवणूक म्हणून घेऊ नये. त्यातील बहुतेक चित्रांना कधीच मोठा भाव येणार नाही. ज्याला रोज पाहून कंटाळा येत नाही, तेच घ्यावे.

यातून लाभ काय, असे विचाराल तर दोन सांगतो. ज्या घरात एका जिवंत चित्रकाराचे चित्र आहे, त्या घरातील मुलाने उद्या ‘मला चित्रकलाच शिकायची आहे’ असे म्हटले, तर ते वाक्य आई-वडिलांना आपत्ती वाटणार नाही. आणि दुसरा लाभ समाजाचा. आपल्या काळातील कला कोणी जपायची, हे आज बाजार ठरवतो आहे. ज्याच्या हाती पैसा, त्याच्या तिजोरीत चित्र. हजारो घरांनी एकेक चित्र जपले तर तो निर्णय पुन्हा समाजाच्या हाती येईल. शंभर वर्षांनंतर आपल्या पिढीने काय जपले हे पाहणाऱ्यांना केवळ लिलावाच्या याद्या सापडू नयेत. सामान्य माणसांच्या घरातील भिंतीही सापडाव्यात.

रात्रभर इतरांची पत्रे योग्य खणात टाकणाऱ्या एका माणसाने दिवसा आपल्या काळातील कलाकृती योग्य ठिकाणी पोचवल्या. पद, पैसा, पदवी यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. होती ती नजर, नेम आणि निर्लोभ वृत्ती. या तिन्ही गोष्टी मिळवण्यास पगाराची अट नाही.